घर लागलंय, पण मिळेल का?

नौपाडाकरीण · सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, थोडं लांबण लागेल, पण जाणकारांची मदत हवी आहे.

आमच्याकडे अकरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशींना सोडतीत घर लागलं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, पंतप्रधान आवास योजनेतलं. मंडळ कोणतं, इमारत कुठली हे मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून टेबलावर आहे. अर्ज मीच भरला होता, दोन रविवार घालवून. नाव आलं त्या दिवशी मावशींनी पाचही घरी पेढे वाटले. मग देकारपत्र (किंमत आणि हप्ते कळवणारं मंडळाचं पत्र) आलं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. माझीही, कारण "भरून तर ठेवू, काय जातंय" असं मीच म्हटलं होतं.

हिशोब असा. घराची किंमत २७ लाख. केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख वजा. राहिले साडेचोवीस. भिशी, बचत गट आणि गावाकडच्या भावाने दिलेले मिळून मावशींकडे अडीच लाख आहेत. म्हणजे कर्ज २२ लाखांचं. मावशी पाच घरची धुणीभांडी करून महिन्याला १७ हजार मिळवतात, जवळजवळ सगळे रोख. मुलगा भिवंडीला गोदामात, १५ हजार, पगार खात्यात येतो पण ठेकेदाराकडून. पगाराची चिठ्ठी वगैरे काही नाही. सध्या कळव्याला चाळीत राहतात, भाडं साडेसहा हजार.

पहिल्या बँकेने सांगितलं, मावशींचं वय ४९, साठीपर्यंतच कर्ज देऊ. नऊ टक्क्यांनी अकरा वर्षांत २२ लाख फेडायचे तर हप्ता सव्वीस हजारांच्या वर. मग एका गृहकर्ज कंपनीत गेलो. ते म्हणाले, मुलाला घ्या, वीस वर्षं देऊ, पण व्याज तेरा टक्के. हप्ता पावणेसव्वीस हजार! एकाने वर्षं कापली, दुसऱ्याने व्याज चढवलं, आकडा फिरून तिथेच. घरात येतात बत्तीस हजार.

मावशी कागदपत्रं साडीच्या दुकानाच्या पिशवीत आणतात. त्या पिशवीत धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, आणि त्यात रेशनकार्ड. ते त्यांनी जपून राहावं म्हणून दहा वर्षांपूर्वी लॅमिनेट करून घेतलंय. घडी घालून केल्यामुळे आतला पत्त्याच्या बदलाचा शिक्का दिसत नाही. काउंटरवरच्या मुलीने ते उजेडात धरून पाहिलं आणि परत केलं.

घराच्या किमतीचा पहिला हप्ता मंडळाकडे भरायला ३८ दिवस आहेत. काय करावं? घर सोडून द्यावं का?

---

तळोजाकर · सोमवार, रात्री ११:१५

आधी मावशींचं अभिनंदन. हजारो अर्जांतून नाव येणं ही साधी गोष्ट नाही.

मला २०१८ च्या सिडकोच्या सोडतीत लागलं. १४,८३८ घरं होती त्यात. आमच्या गटातलं घर २५.८१ चौ. मी. आणि किंमत अठरा लाखांच्या आसपास, त्यातून अडीच वजा. मी तेव्हा एका कारखान्यात कायम होतो म्हणून कर्ज झालं. नसतो तर नसतं झालं.

तुमच्या हिशोबात वरचा खर्च धरलेला दिसत नाही. आगाऊ देखभाल शुल्क, वीजमीटर, पाण्याची जोडणी, सोसायटीचे शेअर. आवास योजनेच्या घराला मुद्रांक शुल्क फक्त १,००० रुपये, ती एक सोय आहे. पण बाकी किरकोळ किरकोळ म्हणता मला लाखाच्या घरात गेलं. शिवाय राहायला आल्यावर ग्रिल, पंखे, ट्यूब, आणि ओट्याखाली काहीच नसतं, तिथे ट्रॉल्या नाहीतर निदान फळ्या. ताबा मिळाला म्हणजे संपलं असं समजू नका.

---

स्पष्टवक्ता_ठाणे · मंगळवार, सकाळी ७:५०

राग येईल पण लिहितो. बत्तीस हजार कमावणाऱ्याने २७ लाखांच्या घराचा अर्ज करायचाच कशाला? आम्ही पंधरा वर्षं घोडबंदरला हप्ते भरतोय, आम्हाला कोणी अडीच लाख दिले नाहीत. करदात्याच्या जिवावर घरं वाटायची आणि वर ती परवडत नाहीत म्हणून रडायचं.

---

सेवानिवृत्त_अभियंता · मंगळवार, सकाळी ९:२०

स्पष्टवक्ता, तुम्हाला कोणी दिले नाहीत हे कदाचित खरं असेल, पण देत होते. याच आवास योजनेत व्याज अनुदानाचा एक घटक होता. वर्षाला १२ ते १८ लाख उत्पन्न असलेल्यांना, म्हणजे महिना लाख-दीड लाखवाल्यांना, २ लाख ३० हजारांपर्यंत अनुदान मिळत होतं. मावशींना अडीच, त्यांना दोन तीस. गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या कररचनेत दोन लाखांपर्यंतची वजावट घेतलीत का कधी? तोही सरकारी पैसाच. फक्त त्याला कोणी फुकट म्हणत नाही.

आता मूळ प्रश्न. माझी सगळी नोकरी याच क्षेत्रात गेली, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

लोकांचा समज असतो की सरकार घर देतं. सरकार घर देत नाही, घराच्या किमतीतला एक ठरावीक तुकडा देतं. २५ जून २०१५ ला ही योजना सुरू झाली तेव्हा भागीदारीतल्या, म्हणजे सरकारी संस्था किंवा विकासकांनी योजनेत बांधलेल्या घरांसाठी केंद्राचे दीड लाख ठरले. महाराष्ट्राने एक लाख घातला. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यातही केंद्राचा तुकडा दीड लाखच. मधल्या काळात सिमेंट, सळई, मजुरी, जमीन, सगळं वर गेलं. तळोजाकरांच्या अठरा लाखांत अडीच लाख म्हणजे सातवा हिस्सा होता. सिडकोने २०२५ च्या जानेवारीत २६ हजार घरांचे दर जाहीर केले तेव्हा तळोज्याचं दुर्बल गटाचं सर्वांत स्वस्त घर २५ लाखांच्या वर होतं, आणि खारघर बस डेपोजवळचं ४८ लाखांच्या वर. दुर्बल गटाचं बरं का! तिथे अडीच लाख म्हणजे विसावा हिस्सा.

आता जुनी गोष्ट सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम हे शहरांच्या नूतनीकरणाचं केंद्राचं अभियान आलं. त्यात शहरी गरिबांच्या मूलभूत सेवांचा भाग होता, ठाण्यात सगळे त्याला 'बीएसयूपी'च म्हणतात. तुळशीधाम, खारटन रोड, कोपरीचं सिद्धार्थनगर इथे त्यातून इमारती उभ्या राहिल्या. त्या योजनेत लाभार्थ्याने भरायचा वाटा किमान १२ टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अपंग यांच्यासाठी १० टक्के. उरलेलं केंद्र, राज्य आणि महापालिका यांनी वाटून घ्यायचं. म्हणजे तेव्हा लाभार्थी दहा-बारा टक्के भरायचा आणि उरलेलं सरकार. आता सरकार दहा टक्के भरतं आणि उरलेलं लाभार्थी. लाभार्थी हा शब्द तेवढा तोच राहिला.

बीएसयूपीत दूध-साखर होती असं नाही. विलंब झाला, खर्च वाढला, पात्रतेचे वाद झाले. पण खारटन रोडच्या सफाई कामगाराला कोणी सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण, विचारला नाही.

---

हिशोबनीस · मंगळवार, सकाळी १०:०५

+१. आणखी एक भागाकार करून बघा. राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मे २०२५ मध्ये मंजूर झालं, 'माझे घर, माझा अधिकार'. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. घरामागे किती येतात? दोन लाख. उरलेले कुणाच्या खिशातून येणार ते मावशींच्या देकारपत्रावर छापलेलं आहे.

---

स्पष्टवक्ता_ठाणे · मंगळवार, सकाळी १०:४०

वजावट घेतली आहे. मुद्दा मान्य. तरीही, परवडत नसेल त्याने भाड्याने राहावं, यात चूक काय?

---

घणसोलीचा_पोऱ्या · मंगळवार, दुपारी १:३०

भाड्याने राहावं म्हणतात ना साहेब, ते राहतात. आमच्याकडे राहतात.

मी आग्री, गावठाणातला. नवी मुंबई वसवायला ठाणे, पनवेल, उरणची मिळून ९५ गावं घेतली. १९८४ च्या जानेवारीत दिबांच्या, दि. बा. पाटलांच्या, आंदोलनात पाच माणसं पोलिसांच्या गोळीला गेली, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत द्यायची भाषा सुरू झाली. भातशेती गेली, मिठागरं गेली, मग आमच्या बापाने घराला लागून दोन खोल्या काढल्या. मग चार. मग वर माळा. सरकार त्याला 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतं. गरज कुणाची ते बघा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत राबणारा, नाक्यावरचा मजूर, रिक्षावाला, बिल्डिंगीत पोळ्या लाटणारी बाई, हे सगळे गेली चाळीस वर्षं त्या खोल्यांत राहतात. दहा बाय बाराची खोली, सात हजार भाडं, वीस हजार डिपॉझिट. कागद नाय, सोडत नाय, उत्पन्नाचा दाखला नाय. आधार कार्डाची झेरॉक्स दिली की चावी.

सरकारने नाय बांधली परवडणारी घरं, आम्ही बांधली. आणि नोटीस आम्हालाच येते.

आमची आई भाडेकरणींना पोरींसारखं ठेवते, पण खरं बोलायचं तर खोल्यांत वारा नाय, संडास चौघांत एक. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाय. एवढंच म्हणतो की माणूस जिथे काम तिथेच राहणार. तुमच्या मावशी लांब गेल्या तर पाच घरं सुटतील, मग हप्ता कुठून भरतील?

---

नौपाडाकरीण · मंगळवार, दुपारी २:१०

हाच प्रश्न मावशींनीही विचारला. पहिलं काम सकाळी साडेसहाचं आहे, पांचपाखाडीला. आता चालत-रिक्षाने वीस मिनिटांत येतात. नव्या घरातून बस, लोकल आणि परत बस, दीड तास तरी. "ताई, मी तिकडून यायला लागले तर मला चार वाजता उठायला लागेल आणि पहिल्या घरच्या वहिनी तरी मला ठेवतील का?" असं म्हणाल्या. यावर मी काय बोलणार!

---

कर्जवाली · मंगळवार, दुपारी ४:००

मी गृहकर्जाच्याच कामात आहे. भावना बाजूला ठेवून कामाचं सांगते.

पहिलं, मावशींचं वय हा अडथळा मुलगा सहकर्जदार झाला की बराच कमी होतो. सहकर्जदार आणि सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर मावशींच्याच नावावर राहू शकतं, योजनेलाही बाईचं नाव हवंच असतं. काही ठिकाणी सहकर्जदाराला मालकीत घ्या म्हणतील, तिथे देकारपत्रातली अट दाखवा.

दुसरं, रोख उत्पन्न. तेरा टक्केवाल्याकडे लगेच जाऊ नका. पाचही घरांकडून साध्या कागदावर लिहून घ्या: किती वर्षं काम, किती पगार, सही, फोन. शक्य त्यांनी आजपासून खात्यात पैसे टाकावेत. सहा महिन्यांचं खातं लागतं, तेवढा वेळ नाही, पण दोन महिन्यांचंही काही नसण्यापेक्षा बरं. बचत गटाचं पासबुक न्याच. गटात दर महिन्याला वेळेवर हप्ता भरलेला दिसला की माणूस फेडणारा आहे हे कळतं. मोठ्या शाखेत जाण्यापेक्षा त्या गृहप्रकल्पाला आधीच कर्ज देणाऱ्या बँकेची शाखा गाठा, त्यांची इमारतीची कागदपत्रं तपासून झालेली असतात.

तिसरं, कमी उत्पन्नवाल्यांच्या गृहकर्जासाठी केंद्राचा पतहमी निधी आहे. दुसऱ्या टप्प्यात तो १,००० कोटींवरून ३,००० कोटींवर नेला. कर्ज बुडालं तर काही भाग तो निधी भरतो, म्हणजे बँकेला थोडी छाती करता यावी. शाखेत याचं नाव काढा. समोरचा माणूस नुसता बघत राहिला तर विभागीय कार्यालयात विचारायला सांगा.

चौथं, मुलाचा सिबिल पाहिलात का?

---

विक्रोळी_ते_ऐरोली · मंगळवार, सायंकाळी ५:३०

त्या दुसऱ्या टप्प्यात १ लाख ८० हजारांचं व्याज अनुदानही आहे ना? ते घ्या की वर.

---

सेवानिवृत्त_अभियंता · मंगळवार, सायंकाळी ६:१५

नाही. एका कुटुंबाला योजनेचा एकच घटक. भागीदारीतल्या घराचे अडीच लाख घेतले की व्याज अनुदान नाही. दलाल दोन्ही मिळवून देतो म्हणून पैसे घेतात, त्यांना दारात उभं करू नका.

---

कळव्याची_ताई · मंगळवार, रात्री ९:००

मी बायकांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. नौपाडाकरीण, तुमच्या मावशी सुदैवी म्हणायच्या, कारण त्यांचा अर्ज तरी पूर्ण झाला. आमच्याकडच्या निम्म्या बायका कागदांतच गळतात.

एक उदाहरण देते, गाव आणि नाव बदलून. नवरा आठ वर्षांपूर्वी निघून गेला. घटस्फोट नाही, मृत्यूचा दाखला नाही, पोलिसांत हरवल्याची तक्रारही नाही, कारण तो हरवलेला नाही, दुसऱ्या बाईबरोबर राहतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. अर्जात 'विवाहित' लिहिलं की पतीचं आधार आणि पॅन मागतात. 'घटस्फोटित' लिहिलं की हुकूमनामा मागतात. 'परित्यक्ता' असा रकाना नाही. ती बाई सेतू केंद्रात बसून मला म्हणाली, "ताई, 'मेलाय' असं लिहू का?" मी हसले, मग मला लाज वाटली.

आणि उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल कोणीच बोललं नाही. दुर्बल गटाची मर्यादा पूर्वी वर्षाला तीन लाख होती, आता मुंबई महानगर प्रदेशात सहा लाख. म्हणजे महिना पन्नास हजार कमावणारा बँकेतला कारकून आणि आमची कचरा वेचणारी बाई एकाच भांड्यातल्या चिठ्ठ्या. चिठ्ठी दोघांची निघू शकते. घर कुणाचं होणार?

---

हिशोबनीस · मंगळवार, रात्री ९:४०

पटतं, पण दुसरी बाजूही आहे. मर्यादा तीन लाख असताना महिना पंचवीस हजारवाल्याला अठरा-वीस लाखांचं कर्ज कोणीच देत नव्हतं. म्हणजे नियमाने जो पात्र तो बँकेत अपात्र, आणि बँकेत जो पात्र तो नियमाने अपात्र. घरं पडून राहायला लागली म्हणून मर्यादा वाढवावी लागली. गरिबाला घर परवडेना, तर गरीब कोण याची व्याख्याच बदलली. हे सोपं पडतं, तिजोरीला एक पैसा लागत नाही.

---

कळव्याची_ताई · मंगळवार, रात्री ९:५५

हे चौकटीत टाकून कार्यालयात लावावं असं वाक्य आहे.

---

दिवा_फास्ट · मंगळवार, रात्री ११:५०

आत्ताच ड्युटीवरून आलो, सगळं वाचलं. भाड्याच्या सरकारी घरांचं मी सांगतो, कारण मी त्यात राहतो.

शिळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली. त्यानंतर ठाण्यात धोकादायक इमारतींच्या याद्या दरवर्षी गाजायला लागल्या आणि क्लस्टरची, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाची, चर्चा जोरात सुरू झाली. आमच्या इमारतीचं नाव काही वर्षांनी यादीत आलं, सी-वन, अतिधोकादायक. पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर काढलं आणि १६० चौ. फुटांचं एक घर दिलं. कुठे ते लिहीत नाही. दोन वर्षं म्हणाले होते. मुलगी तेव्हा सातवीत होती, आता बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

१६० फूट म्हणजे किती सांगू? कपाट उघडायचं असेल तर आई पलंगावर पाय वर घेऊन बसते. पाहुणा आला की मी जिन्यात उभा राहून फोन करतो. लिफ्ट चालू असली तर मजल्यावरची बायकामंडळी एकमेकींना फोन करून सांगतात, गॅस सिलिंडर चढवून घ्या म्हणून.

पण भाडं परवडतं, आणि कामावर जाता येतं. म्हणून घणसोलीच्या भावाचं पटलं. मला मालकी नको होती हो. मला धड भाड्याचं घर द्या, तीनशे फुटांचं, लिफ्ट चालणारं, आणि 'तात्पुरतं' हा शब्द काढून टाका. एवढ्यावर मी म्हातारा व्हायला तयार आहे.

---

सेवानिवृत्त_अभियंता · बुधवार, सकाळी ८:३०

दिवा फास्ट, तुमच्या मुद्द्याला कागदोपत्री जागा आहे. महानगर प्रदेशात २००८ पासून १६० चौ. फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना होती. विकासकाला जादा चटईक्षेत्र, बदल्यात त्याने घरं बांधून द्यायची. घरं झाली, पण भाड्याने देऊन ती चालवायची कोणी, लिफ्टची दुरुस्ती कोणाच्या खात्यातून, हे बसवलं गेलं नाही. म्हणून ती कुठे संक्रमण शिबिर झाली, कुठे दोन-दोन जोडून विकली. पनवेलजवळ कोनला अशीच जोडून ३२० फुटांची केलेली २,४१७ घरं २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना लागली. पुढे करोनात तिथे विलगीकरण केंद्र झालं, त्यानंतर दुरुस्ती कोणी करायची यावर गाडं अडलं. ज्यांनी ऐंशीच्या दशकात गिरणी सोडली त्यांचं वय काय असेल, धरा.

२०२० मध्ये करोनाच्या वेळी केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याच्या घरांची वेगळी योजना आणली, दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा घटक आहे. पण इमारत बांधून फीत कापता येते. वीस वर्षं रोज पंप चालवण्याची फीत कापता येत नाही.

पैसा कसा येतो तेही सांगून टाकतो, कारण विलंबाचं बरंच मूळ त्यात आहे. केंद्राचे दीड लाख एकदम येत नाहीत. ४० टक्के मंजुरीनंतर, पुढचे ४० पहिल्यातले किमान ७० टक्के खर्च झाल्याचं प्रमाणपत्र दिल्यावर, शेवटचे २० घर पूर्ण झाल्यावर. आणि प्रत्येक घरामागे आधारसकट एक नाव जोडलेलं हवं. सोडतीत नाव आलेल्याने घर सोडलं की नाव बदला, प्रतीक्षा यादी उघडा, पुन्हा पडताळणी. दहा जणांनी सोडलं की फाइल पुन्हा खालून वर. त्यामुळे मावशींनी घर सोडलं तर ते त्यांच्यासारख्याच दुसऱ्या बाईला लगेच मिळेल असं समजू नका.

---

स्पष्टवक्ता_ठाणे · बुधवार, सकाळी ९:१०

आमच्याकडे भांडी घासायला येतात त्यांना काल विचारलं, कुठे राहता. नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. लोकमान्यनगरच्या वर, पाण्याच्या टाकीजवळ. झोपडपट्टी पुनर्वसनात बसतील का?

---

कळव्याची_ताई · बुधवार, सकाळी ९:४५

झोपडं १ जानेवारी २००० पूर्वीचं असल्याचा पुरावा असेल तर मोफत. २००० ते १ जानेवारी २०११ मधलं असेल तर अडीच लाख भरून. वीजबिल, मतदार यादीतलं नाव, जुनं काहीही शोधायला सांगा. पण आधी विचारा, झोपडं त्यांचं आहे की त्याही भाड्याने आहेत. भाड्याने असतील तर परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, नाव दुसऱ्याचंच लागतं बहुतेक.

---

स्पष्टवक्ता_ठाणे · बुधवार, दुपारी १२:२०

भाड्याने आहेत.

---

नौपाडाकरीण · शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत बरंच झालं, क्रमाने सांगते.

कर्जवाली म्हणाल्या तसा मुलाचा सिबिल काढला. ५९०! दोन वर्षांपूर्वी हप्त्यावर अकरा हजारांचा मोबाइल घेतला होता, गोदाम बदललं त्या तीन महिन्यांत हप्ते चुकले. आता दंडासकट ४,३०० रुपये थकलेत. म्हणजे २२ लाखांचं कर्ज ४,३०० रुपयांवर अडलंय. मुलगा मान खाली घालून बसला होता. मावशी त्याला काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिल्या.

पाचपैकी चार घरांनी लिहून दिलं. पाचव्या म्हणाल्या, "उद्या प्रॉव्हिडंट फंड मागितला तर?" असो.

गुरुवारी आम्ही घर बघून आलो. मावशींनी आधी खिडकी उघडली, मग नळ सोडला (पाणी नव्हतं), मग ओट्याची लांबी वितीने मोजली. साडेसात विती. "तुमच्याहून दोन विती कमी, पण उंची बरोबर आहे, कंबर धरणार नाही." संडासाचं दार तीनदा उघडून लावलं. आतून कडी लावून दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. कळव्याला सात बिऱ्हाडांत दोन आहेत.

परतीच्या लोकलमध्ये त्यांनीच तोडगा काढला. सकाळची दोन घरं सोडायची, तीन दुपारची ठेवायची, आणि त्या नव्या वसाहतीत दोन धरायची. "एवढ्या इमारती आहेत ताई, भांडी तर सगळीकडेच पडतात." त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे. हप्त्याचं कोडं तरी उरतंच. दुसऱ्या एका बँकेच्या शाखेत (प्रकल्पाला आधी कर्ज दिलेली) अधिकारी बाईंनी नीट बसवून ऐकून घेतलं. मुलासकट वीस वर्षं, नऊ टक्के धरले तर हप्ता एकोणीस हजार आठशेच्या आसपास. त्यांच्या उत्पन्नावर एवढं बसत नाही, सोळा लाखांपर्यंत बघू म्हणाल्या. वरचे सहा लाख उभे करायचे आहेत. मी एक लाख देते आहे, बिनव्याजी. बाकीचं बघू.

शनिवारी साडेअकराला बँकेची माणसं चाळीत पाहणीला येणार आहेत. त्याआधी मुलाचं ते मोबाइलचं कर्ज मिटवायचंय. कंपनीचा माणूस म्हणतोय तीन हजारांत सेटल करून देतो. करू का?

---

कर्जवाली · शुक्रवार, रात्री १०:३०

अजिबात नको! 'सेटल्ड' असा शेरा पडला की वर्षानुवर्षं पुसत नाही, बँकेची माणसं तो पाहून उठून जातील. ४,३०० पूर्ण भरा आणि 'क्लोज्ड' लिहिलेलं पत्र घ्या, लेटरहेडवर, तारीख आणि कर्ज खाते क्रमांक घालून. सिबिलला दिसायला महिना जाईल, तोवर हे पत्रच दाखवायचं. उद्या सकाळी दहाला त्यांचं कार्यालय उघडतं. मुलाला पावणेदहाला उभं करा.

आणि रेशनकार्डाचं लॅमिनेशन घरी उचकटू नका, शिक्का निघून येईल. तहसील कार्यालयात दुय्यम प्रतीचा अर्ज टाका.

---

नौपाडाकरीण · शुक्रवार, रात्री १०:५०

उशीर झाला. मावशींनी परवाच इस्त्रीने ऊब देऊन सोडवलं. शिक्का राहिला, पत्ता अर्धा गेला.